आजारपणात मोबाइलवर काय वाचलंत, कशावर विश्वास ठेवलात?

धागाकर्ती, ठाणे
गेल्या पावसाळ्यात पहाटे तीनला बाबांच्या छातीत कळ आली. आई १०८ लावायला गेली, तर तिला थांबवून बाबा पलंगाच्या कडेला बसले आणि जोरजोरात खोकायला लागले. 'एकटे असताना हार्ट अटॅक आला तर खोका' हा मेसेज त्यांनीच नातेवाइकांना पाठवलेला. त्यात पंधरा मिनिटं गेली. बाबा वाचले. नंतर डॉक्टरांनी समजावलं, की कॅथ लॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या नळी घालून तपासतात त्या खोलीत, मॉनिटर लावलेल्या रुग्णाचे ठोके अचानक बिघडले, तर तिथे त्याला खोकायला सांगतात. गुठळीने बंद झालेली रक्तवाहिनी खोकून उघडत नाही. म्हणजे गोष्ट मुळात खरी, पण ती दुसऱ्याच जागेची. तेव्हापासून काहीही वाचलं की मी आधी बघते, हे नक्की कुणासाठी लिहिलंय.
तुमचे अनुभव लिहा. फसलेले आणि उपयोगी पडलेले, दोन्ही.

नाशिकहून
उपयोगी पडलेला लिहिते. मुलाला डेंग्यू झाला होता. रोज रिपोर्ट आला की सगळे एकच विचारायचे, प्लेटलेट किती? मैत्रिणीने व्हिडिओ पाठवला म्हणून पपईच्या पानांचा रस दिला. पहिल्याच घोटाला त्याने चादरीवर हिरवीगार उलटी केली.
पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात हायसं वाटलं, सासूबाईंनी मऊ भात टाकला. पण तो पोट धरून कुशीवर पडलेला, पाणीही ठरत नव्हतं. रात्री जागरण होतंच, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं डेंग्यूचं पान उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, की गंभीर लक्षणं बऱ्याचदा ताप गेल्यावर दिसतात: पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त. त्याच तासाला रिक्षा केली. डॉक्टरांनी प्लेटलेटच्या आधी हिमॅटोक्रिट बघितलं, कारण रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होतंय का ते त्यावरून कळतं. लगेच सलाईन लावलं. ते पान वाचलं नसतं, तर 'ताप गेला ना' म्हणून मी सकाळपर्यंत थांबले असते.

इंग्लंडहून
माझी धांदल आकड्यांची. आईने सोलापूरहून ग्लुकोमीटरचा फोटो पाठवला: १४०. मी इथल्या साइटवर बघितलं, तर जेवणानंतर दोन तासांनी ७.८ पर्यंत ठीक. घाबरून रात्री दोनला फोन केला, आईला झोपेतून उठवलं. इथे साखर वेगळ्या एककात मोजतात. इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की तिकडचा येतो. ७.८ म्हणजेच १४०! आता आकड्याशेजारची बारीक अक्षरं आधी वाचतो.

पालघरहून, आशा कार्यकर्ती
आमच्याकडे एक चित्र फार फिरतं: दोन दातांच्या खुणा असल्या तर साप विषारी, जास्त असल्या तर बिनविषारी. पण विषारी मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. खूण धड दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. एका बाईला घरच्यांनी याच चित्रावरून थांबवून ठेवलं होतं. ओवा दिला, पोट शेकलं. तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा मला बोलावलं. ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष मिळालं म्हणून ती आज आहे.
त्यानंतर मी आमच्याच बोलीत एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाड्यांवर पाठवला. कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, चालवू नका, गाडीत घाला. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्याही तो ऐकवून दाखवतात.

कोल्हापूरहून
मोठ्यांना सगळ्यांसमोर 'हे खोटं आहे' म्हटलं की विषय तिथंच संपतो. मी काकूंना वेगळा फोन करते. 'काकू, हे तुम्हाला कुणी पाठवलं? त्यांना याचा गुण आला का?' आधी त्यांचं ऐकून घेते, मग माझं सांगते. आता त्या पुढे पाठवायच्या आधी मला विचारतात. नेहमी नाही, पण विचारतात.

धागाकर्ती, ठाणे
पालघरच्या ताई, तुमच्या आवाजातलं ते सगळं इथे लिहून द्याल का, बोलीत आहे तसंच? मामाच्या गावी अजून सगळे ओसरीवर खालीच झोपतात.