रेटी–कापाब्लांका, १९२४: हा डाव सगळ्यांनीच अभ्यासावा का?

तिरका उंट:
मार्च १९२४, न्यू यॉर्क. बुद्धिबळाचा जगज्जेता कापाब्लांका १९१६ पासून स्पर्धेत एकही डाव हरला नव्हता. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या रेटीने त्याला ३१ चालींत गुंडाळलं. तेही घोडा एफ३, सी४, बी४, उंट बी२ अशा पटाच्या बगलेतून आलेल्या सुरुवातीने! (अक्षर म्हणजे उभा रकाना, आकडा म्हणजे आडवी रांग; नुसतं घर लिहिलं की प्याद्याची चाल.) डीचं प्यादं आठव्या चालीला एकच घर सरकलं, ईचं पंधराव्याला, आणि डी४ थेट सोळाव्याला. तीन संध्याकाळी हा एकच डाव मांडून बसलोय. माझं मत: ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) चाली घोकण्याआधी प्रत्येकाने हा बघावा. पटाचा मध्य धरायचा म्हणजे तिथे प्यादी नेऊन उभी करायची, हा गैरसमज जातो.

हत्तीवाली:
प्रत्येकाने? दर शनिवारी सोसायटीतली दहा-बारा पोरं शिकवते मी. हा डाव दाखवला तर रविवारी सगळी बी४ खेळतील आणि तेच प्यादं फुकट घालवतील. आधी ई४, मोहरी बाहेर, किल्लेकोट (राजाला हत्तीआड सुरक्षित नेणं). प्यादं मध्यात नेऊन चार मार खाल्ल्याशिवाय ते मागे ठेवण्यातली गंमत कळत नाही.

अडाणी प्यादं:
मला तर सुरुवातीला श्रेय देणंच पटत नाही. काळ्यानेही जी७ आणि बी७ वर उंट बसवलेच होते की. डाव गेला विसाव्या चालीला, काळ्या वजिराने सी४ वरचं प्यादं खाल्लं तेव्हा. हावरटपणा, दुसरं काय! आणि त्या स्पर्धेत माजी जगज्जेता लास्कर पहिला, कापाब्लांका दुसरा. रेटी पाचवा.

तिरका उंट:
@हत्तीवाली, 'प्रत्येकाने' मागे घेतो. लहान पोरं माझ्या डोक्यातच नव्हती.
@अडाणी, सी४ खाल्ल्यावर काय झालं ते पटावर लावून बघा. पांढऱ्याच्या उंटाने जी७ वरचा उंट मारला, राजाने परत घेतला, आणि २२वी चाल वजीर बी२, शह! चौथ्या चालीला उंट ज्या घरात बसला, तिथेच आता वजीर. राजा जी८ वर हटला, की हत्तीने डी६ वरचं प्यादं उचललं. अठरा चाली झाल्या तरी बी२ पासून जी७ कडे जाणारा कर्ण (तिरकी रेघ) पांढऱ्याचाच. सी४ वर हात मारला नसता, तरी तो कर्ण कुठे जाणार होता?

अडाणी प्यादं:
लावला. वजीर बी२ सुंदर आहे, मान्य. पण ती विसाव्या चालीची शिक्षा, चौथ्या चालीचं व्याज नव्हे.

हत्तीवाली:
व्याजाचं तुमचं चालू द्या. माझ्या पोरांचं अजून मुद्दलच जमायचंय. काल एकाने तिसऱ्या चालीला वजीर घालवला.