रेडिओवरचं नाटक निम्मं नसतं
काही जण म्हणतात की नाटकाचं चित्रण करून ऑनलाइन दाखवलं, म्हणजे स्ट्रीमिंग केलं, तर त्यात निदान चेहरे तरी दिसतात, रेडिओवर नाटक निम्मंच उरतं. पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही. जानेवारी १९२४ मध्ये बीबीसीने खास रेडिओसाठी लिहून घेतलेलं ब्रिटिश लेखक रिचर्ड ह्यूज यांचं नाटक सादर केलं. ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यावर. पात्रांनाही काही दिसत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. सगळे आवाजावरूनच अंदाज बांधतात. आपण जिला उणीव म्हणतो, तीच तिथे गोष्टीचा कणा झाली!

उलट स्ट्रीमिंगमध्ये कॅमेरा बोलणाऱ्यावर जातो आणि कोपऱ्यात गप्प उभं राहून ऐकणारं पात्र निसटतं. मला तर नाटकात नेमकं तेच बघायचं असतं. चित्रण करणाऱ्यांनी पूर्ण रंगमंच दिसेल अशी चौकट जास्त वेळ ठेवावी, ही कळकळीची विनंती.