सिरोंचा-भामरागडच्या प्रवासाविषयी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ अशी महाराष्ट्राच्या विभागांची ओळख आपण करून देतो. परंतु गडचिरोलीचा दक्षिण भाग, जिथे प्राणहिता-गोदावरीच्या संगमापलीकडे तेलंगणातील काळेश्वर आहे आणि मराठीइतकीच तेलुगू, गोंडी व माडियाही कानांवर पडते, तो विदर्भाच्या चौकटीतही पुरता मावत नाही, असे मला मनापासून वाटते. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा हा कोपरा वृद्ध आईवडिलांसह पाहण्याची इच्छा आहे.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून डिसेंबरचा विचार केला आहे. आलापल्लीहून सिरोंच्याला जाणारा रस्ता लहान मोटारीसाठी सध्या कितपत योग्य आहे आणि वृद्धांच्या दृष्टीने मुक्काम कुठे करणे सोयीचे ठरेल, हे तिथल्या रहिवाशांनी कृपया सांगावे. वडधमचे जीवाश्म उद्यान पाहण्यासाठी वनविभागाची पूर्वपरवानगी लागते का? माडिया वस्त्यांमध्ये आगंतुकासारखे शिरून छायाचित्रे काढणे मला मुळीच पटत नाही. त्यामुळे योग्य मोबदला घेऊन सोबत येणारी स्थानिक व्यक्ती कशी शोधावी, याबद्दलही मार्गदर्शन मिळाल्यास मी ऋणी राहीन.