अ‍ॅक्सेस व्हीबीए: १ ते १० मेची चलनं मागितली, जानेवारीपासूनची आली!

मकरपुरा_डिस्पॅच
नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, शिक्षण बीकॉम, कोडिंगशी आयुष्यात संबंध नाही. आधीचा मुलगा सोडून गेला आणि त्याने बनवलेला अ‍ॅक्सेसचा डेटाबेस माझ्या गळ्यात पडला, शेठ म्हणाले तू शिकून घे, म्हणून दोन महिने झाले रात्री जेवणं आटपली की व्हीबीए (त्यातली कोडिंगची भाषा) घेऊन बसतो. फॉर्मवर दोन तारखा टाकायच्या, बटण दाबलं की तेवढ्या दिवसांची चलनं (मालासोबत जाणारे कागद) दिसायची, बस एवढंच. १३ मे ते २० मे टाकलं की एकदम बरोबर. १ मे ते १० मे टाकलं की ५ जानेवारीपासूनची सगळी, अगदी कालचं चलनसुद्धा. एरर काहीच नाही. तीच क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) हाताने बनवली तर बरोबर चालते! डोकं आउट झालंय.

फुल_स्टॅक_भाऊ
अ‍ॅक्सेस कोण वापरतं आता, पायथन शिका सरळ.

रावपुऱ्याची_ताई
भाऊ, त्यांना उद्या सकाळी शेठला चलनं दाखवायचीयत, पायथन नंतर शिकतील.

दादा, तुमची तारीख अमेरिकेला गेलीय 😄 कोडमधून एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) जोडताना दोन हॅशच्या (#) मधली तारीख अ‍ॅक्सेस आधी महिना मग दिवस अशीच वाचतो, विंडोजचं सेटिंग भारताचं असलं तरी. म्हणजे १-५ झाली ५ जानेवारी आणि १०-५ झाली ५ ऑक्टोबर. आता १३वा महिना काही नसतो, त्यामुळे १३ तारखेपासून तो गुपचूप आपल्यासारखं वाचतो आणि आपल्याला वाटतं कोड बरोबर आहे. हाताने बनवताना डिझाइनच्या चौकटीत विंडोजप्रमाणे तारीख चालते, पण त्याच क्वेरीचा एसक्यूएल व्ह्यू उघडून बघा, महिना पुढे गेलेला दिसेल. स्टॉकच्या वेळी मी याच्यात ३ दिवस घालवलेत.

उपाय सोपा, तारीख जोडायच्या आधी फॉरमॅट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस अशी करून घ्या, मग गोंधळायला जागाच नाही. आणि एक सवय लावा, क्वेरी चालवायच्या आधी तयार झालेली ओळ डीबग डॉट प्रिंटने छापा, कंट्रोल जी दाबलं की खाली इमिजिएट विंडोत दिसते. आपण काय लिहिलं ते नाही, मशीनला काय पोचलं ते वाचायचं.

दांडियाबाजार_७०
ताईंचं बरोबर. माझी पण दोन पैशांची भर, मॉड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) पहिल्या ओळीत ऑप्शन एक्स्प्लिसिट असू द्या, म्हणजे आधी न सांगितलेलं नाव तो चालवून घेत नाही. नाहीतर टोटलचं स्पेलिंग एका ठिकाणी चुकलं की तो नवीन रिकामा व्हेरिएबल (किंमत ठेवायचा डबा) समजतो आणि बेरीज शून्य, बसा शोधत. आणि पार्टी डिसूझा असेल, इंग्रजी नावात वर तो स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी, तर एसक्यूएल तिथेच तुटतं, त्याला डबल करावं लागतं. आणि प्रयोग फाइलच्या कॉपीवर हं, चालू फाइलवर नाही. अपडेट क्वेरीला अनडू नसतो.

मकरपुरा_डिस्पॅच
ताई, झालं!! छापून बघितलं तर खरंच १-५ तसंच्या तसं जात होतं. तुम्हाला माझ्याकडून सेव उसळ लागू. पण आता जूनवर बटण दाबलं की मधेच थांबून इनव्हॅलिड यूज ऑफ नल म्हणतो, हे काय नवीन?

रावपुऱ्याची_ताई
एखाद्या चलनाला डिस्पॅचची तारीख टाकलेलीच नसेल, आणि तुमचा कोड ते रिकामं खाणं तारखेच्या व्हेरिएबलमध्ये भरायला जातोय. आधी इझनल फंक्शनने तपासा (नल म्हणजे रिकामं), रिकामं असेल तर ती ओळ सोडा. पण दादा, ते चलन कुठलं ते बघून घ्या, माल गेलाय की अजून गेटवरच उभा आहे?

मकरपुरा_डिस्पॅच
बघितलं. गेटवरच आहे 🙈