मदत हवी आहे: बॉण्ड मिनीकार गरम झाली की बंद पडते

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये लँकेशरला राहतो. इथल्याच प्रेस्टनमध्ये बनलेली तीन चाकी बॉण्ड मिनीकार, मार्क सी, १९५४ची, मी गेल्या वर्षी घेतली. व्हिलियर्सचं १९७ सीसी टू-स्ट्रोक इंजिन थेट पुढच्या एकुलत्या एका चाकावर बसवलंय. रिव्हर्स गिअर नाही, पण चाक दोन्हीकडे काटकोनात वळतं, त्यामुळे गाडी जागच्या जागी फिरते. फार जीव आहे माझा तिच्यावर!

थंड असताना लगेच चालू होते. दहा-बारा मिनिटांनी मात्र भुकभुक करत बंद. तेव्हा प्लग काढून पाहिला तर ठिणगी पिवळसर, अगदी मरतुकडी. अर्ध्या तासाने परत ठणठणीत! प्लग नवा टाकला, कार्ब्युरेटर धुतला, टाकीच्या झाकणाचं भोकही मोकळं केलं.

मला कंडेन्सरचा (ठिणगी जोरदार पडावी म्हणून लावलेला छोटा विद्युत भाग) संशय आहे, पण तो फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, आत. ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारी कॉइलही असू शकते ना? फ्लायव्हील न काढता दोन्हींतलं नेमकं काय गेलंय ते ओळखता येईल का? जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवर हात बसलेल्यांनी जरूर सांगा. कंडेन्सर बाहेर बसवून कुणी चालवलंय का?