मदत हवी आहे : ११ वर्षांचा कुत्रा रात्रभर पंजे चावतोय

आमचा लॅब्रेडोर ११ वर्षांचा आहे. गेले दोन महिने पुढचे पंजे सारखा चाटतो, चावतो. बोटांमधले केस लाळेने तांबूस झालेत, खालची कातडी लाल आणि ओलसर, वासही आंबूस. डॉक्टरांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) निघालं. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसून आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मूळ कारण ॲलर्जी, असं त्यांचं म्हणणं. पण धूळ-परागकणांची ॲलर्जी बहुतेक कुत्र्यांत पहिल्या तीन वर्षांतच डोकं वर काढते ना? याला आयुष्यात कधी खाज नव्हती. उठताना हल्ली कण्हतो, त्यामुळे मला संधिवाताचीही शंका येते. दुखरा सांधा चाटत बसतात म्हणे. थायरॉईड तपासायला सांगू का?

ॲलर्जी खाण्याची आहे का ते बघायला सध्या ८ आठवडे फक्त ठरलेलाच आहार द्यायचा आहे. (आई गुपचूप बिस्किट भरवते. तिला कसं समजवायचं तेही सांगा!)

म्हाताऱ्या कुत्र्याला ओक्लासिटिनिब (खाज कमी करणारं औषध) दीर्घकाळ दिलंय का कुणी? रक्ततपासणी किती दिवसांनी करायचात? आणि गळ्यात कोन (चाटू नये म्हणून घालतात तो शंकूसारखा पट्टा) घातला की हा भिंतीला धडकतो, रात्री पंजे झाकायला दुसरं काय वापरता?