माणूस गेल्यावर मागे राहिलेला स्वतःला शोधतो, अशा कथा-कादंबऱ्या सुचवा

कातरवेळ

बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. दुःखातून सावरायचं कसं हे शिकवणारी पुस्तकं नातेवाइकांनी भरपूर आणून दिली. ती वाचवत नाहीत. मला कथा-कादंबऱ्या हव्या आहेत.

नेमकं काय शोधते आहे ते सांगते. आई मी लहान असतानाच गेली आणि भावंड नाही, त्यामुळे माझ्या लहानपणाचे साक्षीदार एकटे बाबाच होते. मी कोणत्या घरात रांगले, मला कोण काय हाक मारायचं, आमचं घराणं मुळात कुठून उठून इकडे आलं, हे सगळं ते सोबत घेऊन गेले. आता स्वतःबद्दलच्या कितीतरी गोष्टी मला कधीच कळणार नाहीत. गेलेल्या माणसाबरोबर आपलाही काही भाग जातो आणि उरलेल्याला 'मी कोण' हे पुन्हा मांडावं लागतं, असं काही कुणी लिहिलंय का?

मराठी, हिंदी सराईत वाचते, इंग्रजी जरा सावकाश. शेवटी सगळं छान होतं असं कथानक नको. जाड पुस्तकांची भीती नाही.

पानोपानी

पहिलं नाव नेमाडेंच्या 'कोसला'चं (१९६३). तुम्ही ती कॉलेजात असताना वाचली असेल, बहुतेकांनी तेव्हाच वाचलेली असते. त्या वयात आपल्याला पुण्यातलं होस्टेल, मेस आणि पांडुरंग सांगवीकरची ती बोलण्याची तऱ्हा लक्षात राहते. आता मनीसाठी वाचा. मनी ही त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगाने जाते. तोवर जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा मुलगा तिथे अक्षरशः उघडा पडतो. त्याची भाषा तीच राहते, वाक्यं तशीच तुटक, पण त्यातला पवित्रा गळून गेलेला असतो. पुढे तो शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो त्याला लोक अपयश म्हणतात. मला त्या परतण्याची मुळं मनीच्या मरणात दिसतात. ज्या जगात ती इतक्या सहज जाऊ शकते तिथे कुणीतरी 'बनून' दाखवण्यात त्याला अर्थच उरत नाही.

दुसरं, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६). पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तिथे एक पेइंग गेस्ट येतो, आणि तनय व अनुजा ही भावंडं दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. मग तो निघून जातो. पहिला अर्धा भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. तनय त्या गेलेल्या माणसाला 'तू' म्हणत बोलत राहतो आणि त्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. तुमच्या प्रश्नाशी हे मला फार जवळचं वाटतं. तोच माणूस, तेच घर, पण दोघांजवळ उरलेला तो वेगवेगळा आहे आणि त्याला आठवता आठवता दोघांनाही आपण कोण आहोत ते दिसायला लागतं. इथे कुणी मेलेलं नाही, तरी शोक तितकाच खरा आहे. २०२२चा सिनेमा आधी बघू नका. दिग्दर्शन कुंडलकरांचंच असलं तरी त्यात घर पुण्याहून कोचीला गेलंय, आणि या गोष्टीत पुण्याचं घर मला आवश्यक वाटतं.

उजनीकाठ

जरा वेगळं सुचवतो. गाव गेल्यावरही साक्षीदार जातात. आमचं मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा आजूबाजूची म्हातारी माणसं तिथे जातात आणि कुणाचं घर कुठे होतं ते हात करून दाखवतात. आमच्या पिढीला ते ऐकून घेण्यापलीकडे काही करता येत नाही.

म्हणून विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचा. १९९२ साली साहित्य अकादमी मिळाली तिला. धरणात गेलेल्या जांभळी गावच्या लोकांची गोष्ट आहे. ती पुनर्वसनातल्या अन्यायाची कादंबरी म्हणून ओळखली जाते आणि ती आहेच तशी, पण मला त्यातले खैरमोडे गुरुजी आठवतात. गाव गेलेल्या माणसाला प्रत्येक कचेरीत आपण कोण, कुठले, हे कागदावर सिद्ध करत बसावं लागतं. 'मी कोण' हा प्रश्न इतक्या कोरड्या, क्रूर रूपात मी दुसरीकडे वाचलेला नाही.

रानवाट

'झाडाझडती'ला +१. घराण्याचं मूळ शोधायचं म्हणताय तर रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९). सुमारे सातशे वर्षांचा पट आहे, चांगलीच जाड. मधले काही भाग रेंगाळतात, तिथे थांबू नका.

कातरवेळ

पानोपानी, मनीबद्दल लिहिलंत ते वाचून 'कोसला' पुन्हा काढली. उजनीकाठ, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. बाबाही गावाबद्दल असंच हात करून सांगायचे, फक्त दाखवायला समोर काही नसायचं.

विसरण्याबद्दल काही आहे का? म्हणजे ज्याला स्वतःचं आठवतच नाही असा माणूस?

दूरदेशी

मग डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांची 'ऑस्टरलिट्झ' (२००१) वाचाच. मूळ जर्मन, अँथिया बेल यांचा इंग्रजी अनुवाद मिळतो. झेबाल्ड त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपघातात गेले.

१९३९मध्ये नाझींपासून वाचवण्यासाठी प्रागहून ज्यू मुलांना आगगाडीने इंग्लंडला पाठवलं गेलं, त्यातला हा साडेचार वर्षांचा मुलगा. वेल्समधलं एक धर्मोपदेशक जोडपं त्याला वाढवतं, त्याचं नावही बदलतं. खरं नाव जाक ऑस्टरलिट्झ असल्याचं त्याला शाळेत असताना कळतं, पण त्या नावामागचं काहीच आठवत नाही. तो वास्तुकलेचा अभ्यासक होतो, युरोपभरची स्टेशनं आणि किल्ले पाहत हिंडतो, त्यांचा सगळा इतिहास पाठ करतो. स्वतःचा तेवढा टाळतो. मग लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात, वापरात नसलेल्या प्रतीक्षागृहात, आपण इथेच उतरलो होतो हे त्याला आठवतं.

पुढे तो प्रागला जातो. तिथे त्याला लहानपणी सांभाळणारी वेरा अजून हयात असते, आणि तिचं ऐकता ऐकता विसरलेली चेक भाषा त्याला कळू लागते. कातरवेळ, तुम्ही साक्षीदार म्हणालात ना, वेरा तेच आहे. पण ती भेटूनही त्याचं भागत नाही. त्याच्या आईला तेरेझिनच्या छळछावणीत नेलेलं असतं. तिथे नाझींनी प्रचारासाठी काढलेली फिल्म तो मुद्दाम मंद गतीने चालवून बघत राहतो, एखाद्या चौकटीत तिचा चेहरा दिसेल म्हणून.

परिच्छेद जवळजवळ नाहीतच, मधे मधे खाली काहीही माहिती न देता छापलेले कृष्णधवल फोटो आहेत. पहिली काही पानं किल्ल्यांच्या बांधकामात जातात, कंटाळून सोडू नका. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्याला हे पुस्तक उलट जास्त मानवतं असं माझं मत आहे.

शेवंती

हिंदी चालतं तर गीतांजली श्रींची 'रेत समाधि' (२०१८) राहू नये. नवरा गेल्यावर घराकडे पाठ करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आई उठते आणि शेवटी सीमा ओलांडून पाकिस्तानात जाते. इथे बाजू उलटी आहे, मुलीला कळतं की आईचं आपल्याला माहीतच नसलेलं एक आयुष्य होतं. इंतिझार हुसेन यांची 'बस्ती' (१९७९, मूळ उर्दू) हीदेखील याच वाटेवरची: लाहोरमध्ये राहणाऱ्या झाकिरला १९७१च्या युद्धाच्या दिवसांत मागे सुटलेलं रूपनगर आठवत राहतं.

पानोपानींशी एका बाबतीत मतभेद. मनीचा भाग वर्षाच्या आत वाचायला सांगू नये. माझ्या भावानंतर मी तो वाचला आणि पुढे कित्येक महिने पुस्तक हातात धरवलं नाही. कातरवेळ, तुम्ही काढलीच आहे तर जपून वाचा.

पानोपानी

शेवंती, मान्य. क्रम बदला, आधी 'कोबाल्ट ब्लू', लहान आहे. 'कोसला' नंतर कधीही.

कातरवेळ

'कोबाल्ट ब्लू' वाचनालयात लगेच मिळाली, आज सुरू करते. 'ऑस्टरलिट्झ' मागवली. उजनीकाठ, बाबांच्या एका चुलतभावाचा पत्ता जुन्या वहीत सापडलाय, ऐंशीच्या पुढचे असतील. त्यांना पत्र लिहिते आहे. काय काय विचारून घ्यावं ते सुचवलंत तर बरं होईल.

उजनीकाठ

घरातल्या सगळ्या बायकांची माहेरची नावं आणि गावं आधी विचारा. वंशावळीत ती लिहिलेली नसतात आणि सगळ्यात लवकर हरवतात. कुलदैवत कुठलं, शेताचं नाव काय होतं, पाणी कुठून आणायचे. आणि पत्रावर थांबू नका, शक्य असेल तर जाऊन या, ते बोलतील ते त्यांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा.